मटण सोडलं, पण अकरा वाजताची भूक काही सुटत नाही

मारेगावचा_कास्तकार

नमस्कार मंडळी. तालुका मारेगाव, जिल्हा यवतमाळ. कपाशी, तूर अन् थोडं सोयाबीन. वय छत्तीस.

होळीनंतर मटण, कोंबडी, मासोळी, अंडं सगळं बंद केलं. कोणी जबरदस्ती केली नाही. बायकोचं माहेर महानुभाव पंथाचं, त्यात मांस-मासोळी चालत नाही. तिच्यासंगं माझी माय पंथाच्या तीर्थाला, रिद्धपूरला गेली अन् तिथून उपदेश घेऊनच आली. जिच्या हातच्या रश्श्यासाठी माझे मावसभाऊ वरोऱ्याहून येत, तीच माय! आमच्याकडे मटण घरातल्या चुलीवर कधी शिजलंच नाही. वाड्यात तुराट्यांच्या कुडाआड वेगळी चूल, जर्मनची (ॲल्युमिनियमची) वेगळी गंजी म्हणजे पातेलं, वेगळा सराटा (उलथनं). मायनं घरी आल्याबरोबर गंजी मोडीत घातली अन् त्या जागी तुळस लावली. मले म्हणे, "तू बाहेर खाल्लं तरी मी काही म्हणणार नाही." आता असं म्हटल्यावर बाहेर खाववते का कोणाले? मीही सोडलं.

मटणाची आठवण येते, पण जीव कासावीस होते असं नाही. अडचण दुसरीच आहे. सकाळी चहा-टोस्ट, मग दोन भाकरी अन् आलू-वांग्याची भाजी खाऊन वावरात जातो. डवरं धरलं की अकरा वाजता पोटात कावळे. आधी असं होत नव्हतं. अन् आम्ही काही रोज मटण खाणारे नव्हतो. बाजाराच्या दिवशी, पाहुणे आले तर, बस. मटणाचा भाव सातशेच्या वर गेल्यापासून तेही कमीच झालं होतं. हं, फाट्यावरच्या टपरीवर सकाळी दोन अंड्यांचं आमलेट मात्र ठरलेलं होतं, अन् घरात सुकटीची चटणी कायम. पण त्यानं एवढा फरक पडते का?

दुसरं म्हणजे, या महिन्यात पायाच्या तळव्यांना मुंग्या येऊन राहिल्या. मोबाइलवर वाचलं की शाकाहाऱ्यांना बी-१२ कमी पडते. तेच असेल का?

तिसरं. सध्या श्रावण आहे, गावात कोणीच खात नाही, म्हणून निभून चाललं. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी 'कर', म्हणजे मटणाच्या जेवणाचा दिवस. आमच्या आळीत वर्गणीचा बोकड असते अन् वाटे घालायचं काम दरवर्षी माझ्याकडे. पोट्टे आत्तापासूनच "बुवा, बुवा" करून राहिले. ज्यांनी सोडलं त्यांनी कसं केलं, सांगा.

शेवटचं, पोरगी पहिलीत आहे. ती अंडं खाते. बायको म्हणते तिचंही बंद करू. काय करावं?

वणीचा_पोट्टा

भाऊ, सोयाबीनच्या वड्या खाय अन् मोकळा हो. मटणासारख्याच लागते. (लागत नाही, पण म्हणत राहायचं.)

अंगणवाडीची_ताई

घाटंजीकडची आहे. अंगणवाडीत पोरांचं वजन करण्यात अन् त्यांच्या मायांना ताटात काय हवं ते सांगण्यात अर्धं आयुष्य गेलं. आता निवृत्त. आमचं घर सासऱ्यांच्या माळेमुळे शाकाहारी झालं, तेव्हा दोन्हीकडचं पाहिलेलं आहे.

भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. तुम्हाला बाजाराच्या दिवसाचं मटण नडत नाहीये. रोजचं आमलेट अन् ती सुकट नडतेय. दोन अंड्यांत बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, सुकटीत तर वजनाच्या मानानं भरपूर. ते रोजचं पोटात जाणं थांबलं, अन् त्या जागी काय आलं? आलू अन् वांगं. चवीला दोन्ही छान, पण प्रथिनं दोघांतही नावालाच. आमच्या गावात माळ घालणारा प्रत्येक जण आधी हेच करतो. मटण काढतो अन् भाजी वाढवतो. वाढवायची असते डाळ.

आणि डाळ म्हणजे डाळ. आपल्याकडे सासूनं सुनेला शिकवलेलं वरण असं असतं की वाटीच्या तळाचं फूल दिसावं. तूर तुमच्या घरची, मग एवढी काटकसर कुणासाठी? शंभर ग्रॅम तूरडाळीत बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. दोन मुठी कोरडी डाळ तुमच्या एकट्याच्या वाट्याला दिवसभरात आलीच पाहिजे. सकाळच्या भाकरीसोबत घट्ट वरण किंवा मुगाची उसळ, बरबटी (चवळी), हिवाळ्यात पोपटाचे (वालाचे) दाणे, झुणका, काहीही. ज्वारीत एक गोष्ट कमी असते, लायसिन म्हणतात त्याला, ती डाळीत भरपूर. डाळीत जी कमी असते ती ज्वारीत मिळते. म्हणून भाकर-वरण सोबत खाल्लेलं अंगी लागतं. नुसत्या भाकरी वाढवाल तर पोट जड होईल अन् अकरा वाजता पुन्हा तेच.

वावरात नेताना फडक्यात भाजलेले शेंगदाणे अन् फुटाणे बांधून न्या, गुळाच्या खड्यासोबत. भाकरीवर जवसाची चटणी घ्या. अन् संध्याकाळचं दूध डेअरीत घालत असाल तर घालायच्या आधी एक ग्लास तुमचा, एक तुमच्या मायचा बाजूला काढा. आपल्याकडे म्हैस दारात असते अन् घरातली माणसं काळा चहा पितात, हे मी इतक्या घरांत पाहिलं की आता बोलायचीही लाज वाटत नाही.

सोयाबीनचं म्हणाल, तर यवतमाळ-वाशीम पट्टा सोयाबीन पिकवतो अन् पोती भरून बाजारात पाठवतो, घरात पसाभरही ठेवत नाही. ठेवा. पण कच्चं दळून कणकेत घालू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, पोट फुगतं. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं चांगले उकळून, पाणी फेकून, कडक उन्हात खडखडीत वाळवायचे. मग नऊ-दहा किलो गव्हात एक किलो, एवढ्याच प्रमाणात दळायचे. त्याहून जास्त घातलं की पोळीला वास येतो अन् पोरं ताट सरकवतात.

आता मुंग्यांचं. इथे मी जरा कडक बोलणार. बी-१२ प्राण्यांपासून येणाऱ्या अन्नातच असतं हे खरं, दुधातही असतं. पण यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षांचा असतो. होळीला मटण सोडलं अन् श्रावणात साठा संपला, असं होत नाही. तळपायाला मुंग्या येत असतील तर आधीपासूनच कमतरता असू शकते, साखर वाढलेली असू शकते, दुसरंही काही असू शकतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन सुरू असेल तर त्यानंही बी-१२ कमी होतं. अन् सध्या फवारणीचे दिवस आहेत. 2017 साली आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, कित्येक जण दवाखान्यात गेले अन् काही परतलेच नाहीत. फवारल्यानंतर डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, अंगाला थरथर असं काही झालं असेल तर हे सगळं वाचत बसू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तसं नसेल तर साखर, हिमोग्लोबिन अन् बी-१२ तपासून घ्या. कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शन देतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शेवाळाच्या हिरव्या गोळ्या विकणारे "शाकाहारी बी-१२" म्हणून सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यातला बराचसा भाग आपल्या शरीराच्या कामाचा नसतो.

रक्त कमी असेल तर जेवणासोबतचा चहा बंद. जेवण अन् चहा यात तासाभराचं अंतर ठेवा, भाजीवर लिंबू पिळा. अंबाडी, चवळाई, पावसाळ्यातला तरोटा फुकटात मिळतो. त्यातलं लोह मटणातल्यासारखं सहज अंगी लागत नाही, लिंबानं-आवळ्यानं जरा मदत होते.

पोरीचं अंडं बंद करू नका. तुमच्या मायनं स्वतः ठरवलं, तुम्ही स्वतः ठरवलं, पोरीनं काही ठरवलेलं नाही. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून पोरांना अंडी दिली जातात, जे खात नाहीत त्यांना केळी. केळं चांगलंच, पण एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात अन् केळ्यात जेमतेम एक. वाढत्या वयात हा फरक दंडाच्या मापात दिसतो, मी टेप लावून पाहिलेला आहे. घरात शिजवायचं नसेल अन् शाळेत मिळत असेल तर तिथं खाऊ द्या. तिथेही नको म्हणत असाल तर रोज दूध, दही, डाळ, शेंगदाणे तिच्या पोटात जातातच हे बघायची जबाबदारी तुमची. सुनबाईला माझा निरोप सांगा, रागावली तर माझ्यावर रागवू दे.

वैनगंगा_काठी

मी पवनीकडचा. माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहितो.

पायाचा अंगठा रात्रीतून टमाट्यासारखा लाल झाला, चादरीचा स्पर्श सहन होईना. युरिक ॲसिड निघालं. डॉक्टरनं कलेजी, भेजा, लाल मटण अन् दारू बंद सांगितली. मी रागारागात सगळंच बंद केलं. बायकोनं जोडीला वास्त्याची (बांबूच्या कोंबांची) भाजी, टेकोडे (रानातली अळिंबी), उडदाच्या डाळीचे वडे करून बघितले. (टेकोडे ओळखणारं म्हातारं माणूस घरात असेल तरच खा, नाही तर बाजारातले घ्या.) दुखणं बरंच आटोक्यात आलं.

पण आमचा भाग तळ्यांचा. मालगुजारी तलाव, धानाच्या बांध्या, पाऊस ओसरला की ढिवर भाऊ टोपलीत जिवंत मासोळी घेऊन दारात उभा. आमच्या आजीच्या हिशेबात तर मासोळी म्हणजे मांसाहार नव्हताच. मी डॉक्टरला विचारून थोडी मासोळी परत सुरू केली, कधीमधी, मापात. मटण मात्र सुटलं ते सुटलंच. लोक विचारतात, तू व्हेज का नॉनव्हेज? मी सांगतो, दवाखान्याचं बिल पाहून ठरवतो.

कास्तकार भाऊ, तुमचं कारण मायचं आहे, तुम्ही परत जाणार नाही हे दिसतेच. फक्त एक लक्षात ठेवा. डाळ वाढवायची म्हणून लाखोळीवर (लाखेच्या डाळीवर) जाऊ नका. आमच्याकडे धानानंतर लाखोळी होते, स्वस्तही पडते. पण महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली की पाय लुळे पडू शकतात. आमच्या घरी खातात, पण अधूनमधून, अन् भिजवलेलं पाणी, उकळलेलं पाणी दोन्ही फेकून. रोजच्याला तूर, मूग, चणाच बरा.

हिंगणघाटचा_आचारी

लग्नाच्या पंगती रांधतो. मटणाच्याही अन् पाटवडीच्याही. स्वतः गळ्यात माळ आहे, त्यामुळे मटणाचा रस्सा चाखत नाही, वासावरून मीठ सांगतो. लोकांना पटत नाही, पण वीस गंजांच्या पंगतीत अजून कोणी अळणी म्हटलं नाही.

ताईंनी तब्येतीचं सांगितलं. मी जिभेचं सांगतो. जीभ मागते ती मसाला. सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजलेलं, कांदा निखाऱ्यात भाजलेला, खसखस, धने, दगडफूल, लवंग, भिवापुरी मिरची, लसूण-आलं, अन् रस्सा घट्ट व्हायला भाजलेलं ज्वारीचं पीठ. तेल जवसाचं मिळालं तर बघायलाच नको. हे वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतलं की त्यात काय सोडता हा पुढचा प्रश्न.

पाटवडी सोडा. बेसन थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं. कढईत फोडणी, ओवा, हळद, तिखट, मीठ, पाण्याला उकळी, मग ते कालवण एका हातानं ओतायचं अन् दुसऱ्या हातानं घोटत राहायचं. नवशिके इथेच हात थांबवतात अन् मग गुठळ्या. झाकण ठेवून वाफ काढायची. सराटा गोळ्यात उभा राहिला अन् कढईची कड सुटली की झालं. तेल लावलेल्या परातीवर ओल्या हातानं थापायचं, वर सुकं खोबरं, खसखस, बारीक सांबार (कोथिंबीर) दाबून बसवायचा, थंड झाल्यावर शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या. रश्श्यात आधी टाकायच्या नाहीत, विरघळतात. वाढताना ताटात वडी, वरून उकळता रस्सा.

आता करीचं. वाटे घालायचं काम दुसऱ्याला द्या, पण वर्गणी द्या अन् पंगतीला जा. न जाण्यानं बोलणी जास्त होतात. रांधणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, मसाला परतून पाणी घातलं की मटण पडायच्या आत तुमच्या वाट्याचा रस्सा वेगळ्या गंजीत काढून घ्यायचा. पाटवड्या घरून डब्यात न्या, पण एकट्यापुरत्या नेऊ नका, परातभर न्या. आमच्या गावात असंच सुरू झालं. आता दरवर्षी अर्धी पंगत आधी पाटवडीवर हात मारते अन् माळकऱ्यांना उरत नाही, ही नवीनच भानगड.

अन् "बुवा" म्हणतात तर म्हणू द्या. गाडगेबाबांनी पोरीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं, तेव्हा भाऊबंद त्यांनाही बोललेच होते. ते तर शेणगावचे, आपल्याच मुलखातले.

मारेगावचा_कास्तकार

ताई, आचारी भाऊ, पवनीवाले भाऊ, सगळ्यांचे आभार. आमलेटचं डोक्यातच आलं नव्हतं. फवारणीनंतर तसं काही झालं नाही, पण वणीला जाऊन रक्त तपासून घेतो. बायकोले ताईचं वाचून दाखवलं. आधी रागावली, मग म्हणे शाळेत खाते तर खाऊ द्या, घरी नको. माय मधेच बोलली, "पोरीले काहून उपाशी मारता?" विषय तिथंच संपला.

ताई, एक विचारतो. घरात जुनं सोयाबीन पडलं आहे, पण या झडीत उकळून वाळवणार कुठं? पंख्याखाली चालते का?

अंगणवाडीची_ताई

नका वाळवू. आत ओल राहते, बुरशी धरते अन् सगळं पीठ वाया जातं. दिवाळीच्या सुमारास नवीन सोयाबीन निघालं की उन्हात करा. तोवर रात्री मूठभर मूग भिजत घाला, सकाळी निथळून फडक्यात बांधा. या हवेत दुसऱ्या दिवशी मोड येतात. जुनं सोयाबीन किडलेलं नसेल तर रात्रभर भिजवून, पाणी बदलून कुकरमध्ये चांगल्या शिट्ट्या करा अन् कांदा-सांबार घालून उसळ करा. मायला मात्र थोडीच वाढा, म्हाताऱ्या पोटाला जड जाते. रिपोर्ट आले की इथेच सांगा.